विम्याचे कार्ड आणि दवाखान्याचे दार

मुंबई, ठाणे किंवा पुण्यातील एखादे गृहसंकुल डोळ्यांसमोर आणावे. सातव्या मजल्यावर मोठ्या कंपनीतील एक अधिकारी राहतो. तिसऱ्या मजल्यावर खासगी नोकरीतून निवृत्त झालेले सदुसष्ट वर्षांचे गृहस्थ आहेत. फाटकावर सुरक्षा एजन्सीचा रखवालदार आहे आणि चार घरची धुणीभांडी करणारी एक बाई रोज सकाळी तेथे येते. या चौघांना एकाच दिवशी हृदयविकाराचा झटका आला, तर आजार एकच असेल. त्यापुढचे सारे मात्र वेगवेगळे असेल.

अधिकाऱ्याचे बिल कंपनीने काढलेल्या समूह पॉलिसीतून परस्पर भागेल. निवृत्त गृहस्थांची पॉलिसी असलीच, तर तिचा हप्ता गेल्या काही वर्षांत किती वाढला आणि जुन्या आजारांविषयी तिच्यात काय अटी आहेत, यावर सारे ठरेल. रखवालदाराच्या एजन्सीने कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी नियमित भरली असेल, तर त्याला त्या योजनेच्या रुग्णालयाचा आधार मिळेल. भरली नसेल तर नाही. घरकाम करणाऱ्या बाईची शिधापत्रिका कोठे आहे, हे आधी शोधावे लागेल. म्हणजे उपचार कोणता मिळणार, हे आजारावर नव्हे तर माणसाच्या नोकरीवर, वयावर आणि कागदपत्रांवर अवलंबून राहते. आरोग्यविम्यातील विषमता म्हणतात ती हीच.

ही विषमता दुहेरी आहे. विमाछत्राखाली कोण आहे आणि कोण नाही, हा तिचा पहिला स्तर. ज्यांच्या हाती कार्ड आहे त्यांना त्या कार्डावर नेमके काय मिळते, हा दुसरा. पहिल्या स्तराची चर्चा पुष्कळ होते. दुसऱ्याची फारशी होत नाही. सार्वजनिक आरोग्यसेवेची गरज समजून घ्यायची, तर दोन्ही स्तर तपासावे लागतात.

तुकड्यातुकड्यांनी विणलेले छत्र

भारतातील आरोग्यविमा एका आराखड्यानुसार उभा राहिला नाही. वेगवेगळ्या वर्गांसाठी वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या योजना आल्या. १९४८ च्या कायद्याने कर्मचारी राज्य विमा योजना सुरू झाली. ती संघटित क्षेत्रातील कमी वेतनाच्या कामगारांसाठी होती. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठीची आरोग्य योजना १९५४ मध्ये दिल्लीत सुरू झाली. सार्वजनिक क्षेत्रातील सर्वसाधारण विमा कंपन्यांनी १९८६ मध्ये मेडिक्लेम पॉलिसी आणली आणि पैसे भरू शकणाऱ्या मध्यमवर्गाला रुग्णालयखर्चाचा विमा घेता येऊ लागला. विमा नियामक प्राधिकरणाचा कायदा १९९९ मध्ये संमत झाल्यानंतर या क्षेत्रात खासगी कंपन्यांचा प्रवेश झाला.

गरिबांसाठीच्या मोठ्या विमायोजना त्यानंतर आल्या. आंध्र प्रदेशात २००७ मध्ये राजीव आरोग्यश्री योजना सुरू झाली. २००८ मध्ये केंद्राने दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजना आणली. तिच्यात पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला ३० हजार रुपयांचे संरक्षण होते. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. २३ सप्टेंबर २०१८ रोजी प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा प्रारंभ झाला. देशातील १० कोटी ७४ लाख गरीब कुटुंबांना वर्षाला प्रत्येकी ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार, असे तिचे स्वरूप होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, या योजनेत सामावून घेण्यात आले. महाराष्ट्राने २०२३ मध्ये फुले योजनेचे संरक्षण दीड लाखांवरून ५ लाख रुपयांवर नेण्याचा आणि ते शिधापत्रिकेच्या रंगाचा विचार न करता सर्वांना देण्याचा निर्णय घेतला.

यातील प्रत्येक पाऊल आपापल्या परीने उपयुक्त होते. तथापि वर्गागणिक योजना, योजनेगणिक रुग्णालये आणि रुग्णालयागणिक दर असे जे जाळे यातून तयार झाले, त्याच्या गाठी सर्वत्र सारख्या घट्ट नाहीत.

आतले आणि बाहेरचे

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत २०१७-१८ साली असे आढळले, की आरोग्यखर्चासाठी कोणतेही संरक्षण असलेल्यांचे प्रमाण ग्रामीण भागात केवळ सुमारे १४ टक्के आणि शहरी भागात १९ टक्के होते. त्यानंतर झालेल्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, किमान एका सदस्याला विमा किंवा तत्सम योजनेचे संरक्षण असलेल्या कुटुंबांचे प्रमाण ४१ टक्के आढळले. मोजण्याची पद्धत वेगळी असल्याने दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. पण दोन्हींचा निष्कर्ष एकच, की निम्म्याहून अधिक घरांत कोणाच्याही नावावर असे संरक्षण नव्हते.

निती आयोगाने २०२१ मध्ये याच प्रश्नावर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार सुमारे ७० कोटी लोक केंद्र व राज्यांच्या योजनांच्या कक्षेत येत होते. सुमारे २५ कोटी लोकांना सामाजिक किंवा खासगी विम्याचे संरक्षण होते. उरलेल्या सुमारे ४० कोटी, म्हणजे ३० टक्के लोकांना यांपैकी काहीच नव्हते. शासकीय यादीत बसण्याइतके गरीब नाहीत आणि स्वतः हप्ता भरण्याइतके सधन नाहीत, असा हा मधला वर्ग. रिक्षाचालक, छोटे दुकानदार, टपरीवाले, खासगी शिकवण्या घेणारे शिक्षक, अल्पभूधारक, कंत्राटी कारागीर अशी त्याची ओळख सांगता येईल.

कर्मचारी राज्य विमा योजनेची वेतनमर्यादा जानेवारी २०१७ पासून मासिक २१ हजार रुपये करण्यात आली. त्यामुळे पगारात थोडी वाढ झाली, की कामगार योजनेबाहेर पडतो. पगार वाढल्याच्या आनंदासोबत कुटुंबाच्या उपचारांचा आधार जातो, अशी ही विचित्र अवस्था आहे. नोकरी गेली की कंपनीची समूह पॉलिसीही जाते, हा अनुभव करोनाच्या साथीत, विम्याची सर्वाधिक गरज असलेल्या काळातच, अनेकांना आला.

वय वाढते, हप्ता वाढतो

खासगी विम्याचे गणित समजून घेतल्याशिवाय या विषमतेचे मूळ ध्यानात येत नाही. अनेकांनी थोडे थोडे भरायचे आणि ज्यांच्यावर संकट येईल त्यांचा खर्च त्यातून करायचा, हे विम्याचे तत्त्व. हे तत्त्व समाजाच्या पातळीवर उत्तम चालते, कारण तेथे तरुण-वृद्ध आणि निरोगी-आजारी सारेच सामील असतात. मात्र विमा ऐच्छिक असला, की चित्र बदलते. आजाराची शक्यता अधिक असलेले लोक विमा घेण्यास पुढे येतात, तर निरोगी तरुण टाळाटाळ करतात. कंपनीला तोटा टाळायचा असतो. त्यामुळे ती वयानुसार हप्ता वाढवते, आधीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ ठेवते, काही उपचार वगळते. परिणामी ज्याला विम्याची गरज जास्त, त्यालाच तो महाग पडतो. आरोग्यसेवेचा बाजार हा इतर वस्तूंच्या बाजारासारखा का चालत नाही, याचे विवेचन अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ मध्येच केले होते. रुग्णाला आपल्याला कोणता उपचार हवा हे ठाऊक नसते. ते डॉक्टर ठरवतो. अशा व्यवहारात ग्राहकाचे राज्य असू शकत नाही.

नियामक प्राधिकरणाने काही प्रमाणात दुरुस्त्या केल्या आहेत. आधीच्या आजारांसाठीचा कमाल प्रतीक्षाकाळ २०२४ मध्ये चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणला गेला. पासष्टीनंतर नवी पॉलिसी नाकारण्यास वाव देणारी वयोमर्यादाही त्याच वर्षी हटवण्यात आली. ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करायची असल्यास कंपनीने आधी प्राधिकरणाशी विचारविनिमय करावा, असे जानेवारी २०२५ मध्ये ठरले. वैयक्तिक आरोग्य पॉलिसींवरील १८ टक्के वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला. हे दिलासे खरे आहेत. पण ते हप्ता भरू शकणाऱ्यांसाठी आहेत. २०२३-२४ मध्ये विमा कंपन्यांच्या आरोग्य पॉलिसींखाली सुमारे ५७ कोटी लोक होते. त्यांत स्वतःहून वैयक्तिक पॉलिसी घेतलेले जेमतेम एक दशांश होते. बाकीचे नोकरीच्या समूह पॉलिसीमुळे किंवा शासकीय योजनेमुळे आत आलेले.

हप्त्याच्या पैशाचे काय होते, हाही प्रश्न आहे. २०२३-२४ मध्ये केवळ आरोग्यविम्याचा व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांनी मिळवलेल्या प्रत्येक शंभर रुपयांपैकी सुमारे ६५ रुपये दाव्यांवर खर्च झाले. उरलेल्या रकमेत दलालांचे कमिशन, जाहिरात, प्रशासन आणि नफा येतो. सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांत हेच प्रमाण शंभराच्याही पुढे होते. बाजाराचा नियम पाळणारी कंपनी दावे आवरते आणि दावे मोकळेपणाने देणारी तोट्यात जाते, असा हा पेच आहे.

कार्ड आहे, पण पुढे काय?

येथे एक आक्षेप येतो. महाराष्ट्राने आता सर्वांनाच ५ लाखांचे संरक्षण देऊ केले असेल, तर विषमता उरली कोठे? याचे उत्तर विषमतेच्या दुसऱ्या स्तरात आहे.

पहिली मर्यादा अशी, की शासकीय विमा योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या, ठरवून दिलेल्या उपचारांसाठी आहेत. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या, रक्तदाबाची तपासणी, मुलांचा ताप, त्वचाविकार, पाठदुखी हे सारे बाह्यरुग्ण विभागाचे काम. ते योजनेत येत नाही. जन आरोग्य योजनेत दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी गेल्यानंतरचे पंधरा दिवस एवढाच काळ धरला जातो. कुटुंबाच्या खिशातून जाणाऱ्या आरोग्यखर्चात औषधांचा वाटा सर्वांत मोठा असतो आणि ही औषधे बहुतेक वेळा दाखल न होताच घ्यावी लागतात. मधुमेहाच्या गोळ्या परवडत नाहीत म्हणून ज्याने त्या सोडल्या, त्याचे मूत्रपिंड निकामी झाल्यावर डायलिसिसचा खर्च योजना देते. आधीच्या दहा वर्षांच्या गोळ्या मात्र देत नाही.

दुसरी मर्यादा रुग्णालयांची. विमा बिल भरतो. रुग्णालय बांधत नाही. योजनेशी जोडलेली मोठी खासगी रुग्णालये मुख्यतः शहरांत आहेत. गडचिरोलीच्या दुर्गम पाड्यावरील आणि पुण्यातील कुटुंबाच्या कार्डावर रक्कम सारखीच छापलेली असते, पण त्या कार्डाची किंमत सारखी नसते. शहरातही ठरावीक दर परवडत नाहीत म्हणून अनेक रुग्णालये योजनेत सामील होत नाहीत, किंवा मोजक्याच विभागांपुरती होतात. गृहसंकुलातील निवृत्त गृहस्थांचे नाव योजनेत असले, तरी घराजवळचे रुग्णालय यादीत असेलच असे नाही.

तिसरी मर्यादा देखरेखीची. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये सादर केलेल्या अहवालात, जन आरोग्य योजनेचे सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच बनावट मोबाइल क्रमांकाशी जोडलेले असल्याची नोंद होती. पैसे उपचारागणिक मिळत असतील, तर अनावश्यक उपचारांचा मोह होतो. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानात गरीब स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या अनावश्यक शस्त्रक्रिया झाल्याची आणि त्यासाठी राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजनेचा गैरवापर झाल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. ५ एप्रिल २०२३ च्या निकालात न्यायालयाने सर्व राज्यांना याविषयीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारण्याचा आदेश दिला. विम्याचे कार्ड संरक्षण देते. देखरेख नसेल तर तेच कार्ड धोकाही ठरते.

सार्वजनिक सेवेचा पाया

आरोग्यसेवा ही पैशावर अवलंबून असू नये, हा विचार या देशात नवा नाही. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ च्या अहवालात स्पष्ट म्हटले होते, की पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही पुरेशा वैद्यकीय सेवेपासून वंचित राहता कामा नये. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय या आजच्या उतरंडीचे मूळ त्या अहवालात आहे. मैदानी भागात पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ व आदिवासी भागात अनुक्रमे तीन हजार आणि वीस हजारांमागे, असे निकष पुढे ठरले. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने आशा कार्यकर्तीच्या रूपाने ही सेवा घराच्या उंबरठ्यापर्यंत नेली.

या सेवेचा आर्थिक परिणाम मोजता येतो. २०१७-१८ च्या नमुना पाहणीनुसार, बाळंतपणे वगळता, शासकीय रुग्णालयात एकदा दाखल होण्याचा सरासरी खर्च ४,४५२ रुपये होता. खासगी रुग्णालयात तो ३१,८४५ रुपये, म्हणजे सातपट होता. दोन्हीकडे येणारे रुग्ण आणि आजार सारखे नसतात, हे मान्य करूनही हे अंतर लहान नाही. चांगले शासकीय रुग्णालय जवळ असणे हा कोणत्याही हप्त्याविना मिळणारा विमाच आहे. मुंबईत जे. जे., केईएम, शीव आणि नायर या रुग्णालयांच्या आवारात राज्यभरातून, किंबहुना परराज्यांतून आलेले रुग्ण दिसतात. कारण तेथे केसपेपर काढण्यासाठी कोणी पॉलिसी क्रमांक विचारत नाही.

इतर राज्यांचे अनुभवही बोलके आहेत. तामिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केले. एकत्रित खरेदी, गुणवत्ता तपासणी आणि जिल्हावार गोदामे यांमुळे शासकीय दवाखान्यांत मोफत औषधे नियमित मिळू लागली. राजस्थानने तोच मार्ग घेऊन २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना सुरू केली. भारताबाहेर थायलंडने २००२ मध्ये सर्वांना आरोग्यसंरक्षण दिले. विशेष म्हणजे त्यापूर्वी काही दशके त्या देशाने जिल्हा रुग्णालये आणि गावांतील आरोग्य केंद्रे उभारली होती. आधी दवाखाना, मग कार्ड, हा क्रम तेथे पाळला गेला. कर्मचारी राज्य विमा योजनेच्या मूळ रचनेतही वर्गणीसोबत स्वतःचे दवाखाने आणि रुग्णालये होती. म्हणूनच तिच्यात बाह्यरुग्ण सेवा आणि औषधेही मिळतात.

शासकीय रुग्णालयांचे वास्तव

सार्वजनिक सेवेची बाजू मांडताना तिची आजची अवस्था झाकून चालणार नाही. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यांत १२ नवजात अर्भके होती. त्यानंतर औषधटंचाई, रिक्त पदे आणि लांबून गंभीर अवस्थेत येणाऱ्या रुग्णांचा ताण यांवर राज्यभर चर्चा झाली. ज्यांना शक्य आहे ते कर्ज काढूनही खासगी रुग्णालयात जातात, ते उगाच नाही. लांबलचक रांगा, एका खाटेवर दोन रुग्ण, बंद पडलेले यंत्र आणि बाहेरून आणायला सांगितलेली औषधे हा अनेकांचा अनुभव आहे.

मात्र ही अवस्था सार्वजनिक सेवेच्या कल्पनेचा दोष नव्हे. तो पैशाचा आणि व्यवस्थापनाचा दोष आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत शासकीय आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये हे प्रमाण १.१५ टक्के होते. २०२१-२२ मध्ये, साथीच्या काळातील वाढीव खर्च धरूनही, ते १.८४ टक्क्यांपर्यंतच पोहोचले. याच काळात एकूण आरोग्यखर्चातील लोकांच्या खिशातून जाणारा वाटा ६४.२ टक्क्यांवरून ३९.४ टक्क्यांवर आला. शासनाचा वाटा वाढला की कुटुंबाचा भार हलका होतो, हे या दोन आकड्यांवरून दिसते. तरीही दर शंभर रुपयांतील जवळपास चाळीस रुपये अजून रुग्णाच्या घरूनच येतात.

महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत केले. निर्णय योग्य दिशेचा आहे. परंतु केसपेपर मोफत झाला आणि औषधाच्या खिडकीवर औषधच नसले, तर रुग्णाची वाट पुन्हा बाहेरच्या दुकानाकडे वळते. शुल्कमाफीबरोबर डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ आणि औषधसाठा यांची तरतूद झाली, तरच तिला अर्थ राहतो.

विमा पूरक, सेवा मूळ

विमा बंद करावा, असा याचा अर्थ नाही. अवघड शस्त्रक्रिया, कर्करोग, अवयव प्रत्यारोपण यांसाठी सामूहिक निधी लागतोच आणि शासकीय योजनांमुळे अनेक कुटुंबे कर्जातून वाचली आहेत. मुद्दा अग्रक्रमाचा आहे. शासनाचा मर्यादित पैसा आधी जवळच्या दवाखान्यावर, औषधांवर आणि तालुका-जिल्हा रुग्णालयांवर खर्च व्हावा. जी सेवा तेथे देता येत नाही, तेवढ्यापुरती खासगी रुग्णालयांकडून योजनेच्या दराने घ्यावी. तसे झाले तर योजनेचा पैसा शासकीय रुग्णालयांतही येतो आणि खासगी दरांवरही अंकुश राहतो. शेजारी सक्षम शासकीय रुग्णालय असेल, तर खासगी रुग्णालयाला मनमानी करता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात तातडीचे उपचार शासकीय रुग्णालयात न मिळणे हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका मजुराला कोलकात्यातील एकामागून एक शासकीय रुग्णालयांनी खाट नसल्याचे सांगून परत पाठवले होते. निधी नाही, ही सबब न्यायालयाने मान्य केली नाही. त्या मजुराला त्या रात्री उणीव भासली ती एका खाटेची आणि तपासणाऱ्या डॉक्टरची. गृहसंकुलातील त्या चौघांनाही झटक्यानंतरच्या पहिल्या तासात याच दोन गोष्टी लागतील. त्या घरापासून जवळ असतील, तर कोणाच्या खिशात कोणते कार्ड आहे याला फारसे महत्त्व उरणार नाही. त्या नसतील, तर पाच लाखांचा आकडा छापलेले कार्डही त्या तासात उपयोगी पडणार नाही.